पांढऱ्या कार्डाची शिफारस

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला मूलभूत फरक असा, की इतर प्राण्यांची पत मोजता येत नाही. माणसाची येते. आमच्याकडे ती तीनशेपासून साडेआठशेपर्यंत मोजतात. पहिले तीनशे निव्वळ अस्तित्वाबद्दल मिळतात. पुढचे साडेपाचशे मिळवायला कर्ज काढावे लागते. ज्याने जन्मात कोणाचे काही घेतले नाही, त्याच्याबद्दल पत मोजणाऱ्यांना काहीच ठाऊक नसते, म्हणून त्याला कोणी घरही भाड्याने देत नाही. (हे योग्यच आहे. अशा माणसाचा भरवसा काय धरायचा?)

माझा आकडा आठशे एकतीस आहे. एवढे गुण मला आयुष्यात दुसऱ्या कशातही मिळालेले नाहीत, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाचे चुकून माझ्या नावावर पडले असावेत, अशी शंका मला अधूनमधून येते. चौतीस वर्षे मी मिनेसोटातल्या आमच्या गावच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले. अशा चुका कशा होतात, हे मी जाणतो.

विषय असा, की फोन बनवणाऱ्या एका कंपनीने यंदा क्रेडिट कार्ड काढले आहे आणि ते घ्यावे की नाही, याचा निर्णय मला करावा लागला. कंपनीचे नाव देत नाही. तिचा फोन तुमच्याजवळ असेलच.

कार्ड पांढरे आहे आणि धातूचे आहे. त्यावर नंबर नाही, मुदत नाही, सहीची जागा नाही. फक्त नाव कोरलेले आहे. (थडग्यावरच्या दगडावर याहून जास्त माहिती असते.) सोबतच्या सूचनापत्रकानुसार ते चामड्याच्या पाकिटात ठेवू नये, पँटच्या खिशात ठेवू नये आणि नाण्यांच्या संपर्कात येऊ देऊ नये. म्हणजे पैशांपासून ते सांभाळायचे आहे. कार्ड पुढे करून खरेदी केली तर शंभरामागे एक डॉलर परत मिळतो. कार्ड घरी ठेवून फोन पुढे केला तर दोन मिळतात. न वापरण्याबद्दल दुप्पट बक्षीस देणारी वस्तू बाजारात प्रथमच आली असावी. मी तरी पाहिली नव्हती.

आमच्यात ते पहिल्यांदा केर्मिटने आणले. केर्मिट विमा एजंट होता आणि निवृत्त झाल्यावर त्याला विकायला काही उरले नाही म्हणून तो मते विकतो. तो, मी आणि अर्विड असे तिघे दर गुरुवारी सकाळी कोर्टासमोरच्या हॉटेलात नाश्ता करतो. अर्विडने एकतीस वर्षे सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ ढकलला. गावात त्याच्याइतके उपयुक्त काम कोणी केलेले नाही आणि ते दर वर्षी वितळून गेले. गेल्या वर्षी त्याची बायको इंगा गेली. ती दोन वर्षे आजारी होती, आणि त्या दोन वर्षांत इस्पितळाने अर्विडकडे काय काय शिल्लक ठेवले, हे तो बोलत नाही. त्याने बोट विकली. मग बोट ओढायची गाडी विकली. बोट नसताना ती ठेवून काय करू, असे तो म्हणाला.

आता टोपीविषयी सांगणे आवश्यक आहे. आमच्या भागात कोणाकडून काही घेणे हा गंभीर गुन्हा मानतात. कोणी कॉफी विचारली तर दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा, 'अर्धा कपच, उरलीच असेल तर,' असे म्हणून घ्यायची. बशीतला शेवटचा पाव कोणीच उचलत नाही. त्याचा अर्धा उचलतात, मग उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी मोहरीएवढा कण बशीत ठेवून सगळे तृप्त होऊन उठतात. अशा ठिकाणी तिघांचे बिल एकाने देणे शक्यच नव्हते. एकदा ते आमच्या ओढाताणीत फाटले, तेव्हा वाढणाऱ्या मेव्हिसबाईंनी अर्विडच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तिघांना आपापले कार्ड तीत टाकायला लावले. त्या छताकडे बघत एक कार्ड काढतात. ज्याचे निघाले त्याने बिल द्यायचे. टोपीला कोणी नको म्हणू शकत नाही. आभारही मानावे लागत नाहीत.

जुन्या सवयीने मी टोपीचे निकाल टिपून ठेवतो. इंगाच्या पश्चात झालेल्या बावन्न गुरुवारांत केर्मिटचे कार्ड सत्तावीस वेळा निघाले, माझे पंचवीस वेळा. अर्विडचे एकदाही नाही. असे आपोआप घडण्याची शक्यता एकशे त्रेचाळीस कोटींत एक आहे. म्हणजे आहे. त्यामुळे मी त्याबद्दल कोणाला काही विचारले नाही.

कारण मला दिसत होते. अर्विड हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचा बर्फ आपल्या कार्डाने खरवडतो. त्या कार्डाची एक कड करवतीसारखी झाली आहे. मेव्हिसबाई छताकडे बघत असल्या तरी त्यांची बोटे छताकडे बघत नसत.

केर्मिटचे पांढरे कार्ड टोपीत पडले तेव्हा खण्‌ असा आवाज झाला. त्या गुरुवारी तेच निघाले. पुढच्या गुरुवारीही. तिसऱ्या गुरुवारी केर्मिटने काटा खाली ठेवला.

"मेव्हिस, माझं हाताला गार लागतं का गं?"

"तुझं सगळंच गार लागतं, राजा," त्या म्हणाल्या आणि बिल त्याच्यापुढे ठेवून गेल्या.

यावर केर्मिटने न्यायाचा मुद्दा काढला. (माणसाला तिसऱ्यांदा बिल द्यावे लागले की न्यायाची जाणीव होते, कायद्याचा सगळा इतिहास असाच घडला असावा.) त्याचे म्हणणे असे, की टोपीतली तिन्ही कार्डे वजनाने, आकाराने आणि थंडपणाने सारखी असल्याखेरीज या पद्धतीला अर्थ नाही. तेव्हा मी आणि अर्विडनेही पांढरे कार्ड घ्यावे. अर्ज फोनवर एका मिनिटात होतो. पुढच्या गुरुवारी इथेच, टेबलावर, त्याच्यासमोर भरून टाकू. अर्विडने कॉफी ढवळली. तो कॉफीत साखर घालत नाही.

"घेऊ की," तो म्हणाला. "वाईट नसावं."

आमच्याकडे याचा अर्थ, मी पुढच्या गुरुवारी येणार नाही आणि गुडघा दुखत होता असे सांगेन. इंगा गेली तेव्हा शेजारणीने दारात जेवणाचे भांडे ठेवले होते. अर्विडने ते घासून परत दिले आणि आत तेवढ्याच किमतीचे बटाटे घातले. त्या शेजारणीकडे तो पुन्हा गेला नाही. अशा माणसाला भर टेबलावर फोनने नाकारले तर काय होईल, हे सांगायला ग्रंथालयात जावे लागत नाही. आणि नाकारले नाही तर त्याच्या कार्डाची कड गुळगुळीत होईल, ते दर तीन गुरुवारी एकदा निघेल आणि त्याला चाळीस डॉलर द्यावे लागतील. तो ते देईल. मग त्या आठवड्यात जेवणार नाही.

मी हात धुवायला गेलो तेव्हा मेव्हिसबाईंनी मला काउंटरच्या टोकाशी गाठले.

"वेंडेल, अर्विडला ते कार्ड घेऊ देऊ नकोस. बाकीचं मी बघते."

मी कसा थांबवणार, असे काहीतरी मी म्हणालो.

"एवढी पुस्तकं वाचलीस. एकात तरी असेल की."

मी आठवडाभर शोधले. कोणत्याही पुस्तकात नव्हते, किंवा मला सापडले नाही. शेवटी मी कार्डाच्या बाजूने आणि विरुद्ध असे सगळे मुद्दे कागदावर मांडले. बाजूने अकरा झाले. त्यांत परतावा होता, वार्षिक फी नसणे होते, आणि शंभर वर्षे न झिजणारी वस्तू जवळ असल्याचे समाधान होते. (मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.) कंपनी दर आठवड्याला आपला खर्च रंगीत गोलात काढून दाखवते, हाही एक होता, माझा गोल बहुतेक एकाच रंगाचा होईल आणि तो नाश्त्याचा असेल. विरुद्ध बाजूला एकच मुद्दा लिहिला: अर्विड. अकरा विरुद्ध एक. नियमाने बघता कार्ड घ्यायला हवे होते. मी कागद घडी करून शब्दकोशात ठेवला.

मग मला एक योजना सुचली. मला योजना सहसा सुचत नाहीत, त्यामुळे ती चांगली की वाईट, हे ठरवायला तुलनेला दुसरी नव्हती. पहिला अर्ज मी करायचा आणि नाकारला जायचा. माझ्यासारख्याला नाकारतात म्हटल्यावर अर्विडने न भरण्यात कमीपणा राहणार नाही.

गुरुवारी अर्विड आला. गुडघा बहुधा पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवला होता. केर्मिटने बाही सरसावली. मी आधी मी भरतो म्हणालो, आणि मी कधीच काही आधी करत नसल्याने दोघांनीही खुर्च्या जवळ ओढल्या. माझा फोन पुतणीने टाकून दिलेला असला तरी त्याच कंपनीचा आहे. व्यवसायाच्या जागी मी 'वाचन' असे लिहिले. वार्षिक उत्पन्नाच्या जागी शून्य.

अडतीस सेकंद लागले. कंपनीने माझे अभिनंदन केले. माझ्यासारख्या ग्राहकाची ती वाट पाहत होती. तिने मला बारा हजार डॉलरची मर्यादा दिली आणि पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडवले.

मी फोन पालथा ठेवला.

"नाकारलं," मी म्हणालो.

केर्मिटने हात पुढे केला, मग मागे घेतला. मेव्हिसबाई न विचारता कॉफी ओतून गेल्या.

"मग मलाही नको," अर्विड म्हणाला. "दोघांनी घ्यायचं आणि एकाने बघत बसायचं, हे काही बरं दिसत नाही."

"माझंही जुनं अजून चालतंय तसं," केर्मिट खिडकीकडे बघत म्हणाला, आणि त्याने प्लॅस्टिकचे कार्ड टोपीत टाकले. आवाज झाला नाही.

योजना यशस्वी झाली, असे मी त्या दिवशी टिपून ठेवले. पुढच्या गुरुवारी केर्मिटचे कार्ड निघाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी अर्विडचे. मी बशीकडे बघत राहिलो. अर्विडने चाळीस डॉलर दिले, वर मेव्हिसबाईंसाठी पाच ठेवले, आणि माझ्यासाठी आणखी एक दालचिनीचा पाव मागवला. मी दोनदा नको म्हणालो.

मी मागच्या दाराशी जाऊन मेव्हिसबाईंना विचारले. त्या भांडी निथळत होत्या.

"मंगळवारी मुद्दाम आला होता. म्हणाला, वेंडेलचं काही खरं दिसत नाही, त्याचं कार्ड काढत जाऊ नकोस. माझं काढ. कड खरबरीत आहे, हाताला कळेल, म्हणाला."

म्हणजे अर्विडला कड माहीत होती. किती गुरुवारांपासून, हे त्यांनी त्याला विचारले नव्हते. मीही त्यांना विचारले नाही.

तेव्हापासून माझे कार्ड निघालेले नाही. खरे सांगून टाकावे तर अर्विडला शेवटी सगळेच कळेल आणि तो पुन्हा कधी येणार नाही. न सांगावे तर तो माझे पाव पुरवत राहील. मेव्हिसबाईंनी यावर असा तोडगा काढला, की अर्विडचे कार्ड निघाले की बिल अकरा डॉलरचे करायचे. विचारले तर, गुरुवारी म्हाताऱ्यांना सवलत असते, असे सांगायचे. उरलेले एकोणतीस मी मागच्या दाराने देतो. केर्मिटने एकदा आपल्याला ही सवलत का नाही, असे विचारले. "तुझ्याकडे धातूचं कार्ड आहे, राजा," त्या म्हणाल्या. अर्विड आता ताठ बसतो. महिन्यातून दोनदा त्याचे कार्ड निघते आणि त्या दिवशी तो हवामानावर आपणहून बोलतो. इंगा गेल्यापासून तो इतका बोललेला नव्हता.

माझे पांढरे कार्ड टपालाने आले. ते मी मऊ कापडावर, पाकीट, पँट आणि पैसे यांच्यापासून दूर ठेवले आहे. सोबत एक पत्र होते. त्यात लिहिले आहे, की माझ्या शिफारशीवरून जो कोणी कार्ड घेईल, त्याच्यामागे कंपनी मला पंच्याहत्तर डॉलर देईल. भागाकार केला तर एका माणसामागे अर्विडचे अडीच गुरुवार सुटतात. गावात मला ओळखणारी माणसे एकंदर तीन आहेत आणि त्यांच्यापैकी कोणालाही हे विचारता येत नाही. म्हणून हा लेख लिहिला.

कार्डात विशेष काही नाही, हे मी सविस्तर सांगितले आहे. तुमची फसवणूक होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा होती. पण अर्ज करायला एकच मिनिट लागते. आणि तुमचा फोन बघता मला वाटते, की वस्तू निरुपयोगी आहे एवढ्याशा कारणावरून ती घ्यायची थांबणाऱ्यांतले तुम्ही नसावेत.