ताईच्या मशीनसाठी स्थळ

आमच्या मजल्यावरचे हरेश्वरभाई चुरी गेली दोन-तीन वर्षं एक टेबलफॅन विकताहेत. फॅन चांगला आहे, किंमत रास्त आहे, मोबाइलवरच्या जाहिरातीत फोटोही सुरेख आला आहे. फोटोत फॅनच्या गळ्यात झेंडूची माळ आहे. गिऱ्हाइकं येतात, बसतात, पातीचा चहा पितात आणि नापास होऊन परत जातात.

वस्तू विकणं हे हरेश्वरभाईंच्या लेखी मुलगी देण्यासारखं आहे. जाहिरात बघून फोन आला की ते भिंतीपलीकडून मला हाक मारतात, "बाई, स्थळ आलंय!" मग अंगातला बनियन जाऊन सदरा येतो आणि चहाचं आधण चढतं. येणाऱ्याला आधी गाव विचारायचं, मग घरात माणसं किती, मग स्वयंपाक कोण करतं. किंमत सगळ्यात शेवटी. "फॅन काय, जाईल कुठंपण," ते म्हणतात. "पण नांदला पाहिजे ना!"

सालवडहून एकदा कारखान्यातला एक कामगार आला. दारातूनच म्हणाला, "चाचा, फायनल बोलो."

"फायनल बाद में. पहले बैठो. कमरे में कितना आदमी हाय?"

"आठ."

"आणि फॅन एक? आठ जण अपने अपने तरफ ओढेगा. मान मोडेगी उसकी."

तो पोट धरून हसला, दोन बशा उपमा खाल्ला आणि फॅन न घेता गेला. कोळगावच्या जिल्हा कचेरीतला एक कारकून पालघरहून मोटारसायकलवर आला होता. त्याने पायातले बूट काढायच्या आधीच "लास्ट किती?" असं विचारलं. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. एका नव्या नवरीने फॅन लावून बघितला आणि म्हणाली, "काका, हा थोडा आवाज करतो." हरेश्वरभाई म्हणाले, "बाय, परक्या घरी गेल्यावर पयले चार दिवस कोण आवाज नाय करत?" ती जवळजवळ पास झाली होती. पण मग तिने फॅन माळ्यावर ठेवणार असल्याचं सांगितलं.

हरेश्वरभाई मूळचे चिंचणीकडच्या वाडीतले. सगळी नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात कॅन्टीन सांभाळण्यात गेली. तिन्ही पाळ्यांची माणसं त्यांच्या हातचं जेवून गेली. ताट पुढे करणाऱ्याचा चेहरा बघून घरी भांडण झालंय की पोर आजारी आहे हे ते ओळखायचे, आणि त्याप्रमाणे भात जास्त वाढायचे. निवृत्त झाले तेव्हा बायको आधीच गेली होती, मुलगी लग्न होऊन वापीला होती. म्हणजे रोज शेकडो ताटं वाढणाऱ्या माणसाच्या घरी आता एक ताट उरलं. फॅन विकायला काढलेला नाही, माणसं यावीत म्हणून काढलेला आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी शाळेत ग्रंथपाल होते. कुठलं पुस्तक कुणाकडे अडकलंय ते मला चटकन कळत असे. माणसांच्या बाबतीत मला वेळ लागतो.

माझी थोरली बहीण आणि मी, आम्ही दोघी शेजारच्या घरात राहायचो. ताईची फुप्फुसं थकली तेव्हा घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. हवेतून प्राणवायू काढून नळीने नाकात सोडणारं, चाकांवरचं, गुरगुरणारं. बोईसरला वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ती गेली की मी मेणबत्ती शोधेपर्यंत हरेश्वरभाई दारात उभे असायचे आणि ताईची नळी जोडीला ठेवलेल्या सिलिंडरला जोडून द्यायचे. वीज परत येईपर्यंत ते तिला कॅन्टीनमधल्या गोष्टी सांगत बसत. ताईला हसताना धाप लागायची. मी त्यांना डोळ्यांनी दटावत असे. ते तेवढ्यापुरते गप्प बसत.

गेल्या वर्षी ताई गेली. मशीन खोलीत तसंच राहिलं. त्यावर मी चादर घातली. चादरीखाली ते बंद होतं, तरी त्याचा आवाज मला येत असे. शेवटी एके दिवशी मी हरेश्वरभाईंना म्हटलं, "हे कुणाला तरी विकून टाका. माझ्यासमोर नको."

त्यांनी ते जबाबदारीने घेतलं. मशीन आपल्या घरी नेलं, पुसलं, फोटो काढला. या वेळी माळ घातली नाही. भाड्याने मशीनं फिरवणारा एक व्यापारी आला, तर त्याला त्यांनी जिन्यातूनच परत पाठवलं. "दहा घरी हिंडवणार तो तिला. ताईंचं मशीन हाय, एका घरी जाईल." घासाघीस करणारे दोघे असेच गेले. मी आतून ऐकत होते. कंटाळलेही होते आणि मनातून बरंही वाटत होतं.

मग ते जोडपं आलं. तिशीतला नवरा, हडकुळी बायको. भिंतीपलीकडे खूप वेळ बोलणं चाललं होतं. बाईच्या आईला श्वास पुरत नव्हता, असं कानावर आलं. बाई रडली. हरेश्वरभाईंनी तिला मशीन लावायला शिकवलं, आईसाठी पेजेचा डबा बांधून दिला, आणि नवऱ्याच्या मदतीने मशीन जिन्यावरून उतरवलं. पैसे हरेश्वरभाईंना रोखच हवे होते. फोनवरून येणाऱ्या पैशांवर त्यांचा विश्वास नाही. "दिसत नाय ते कसले पैसे? फोनवर फशिवतात लोकांना."

नोटांची गड्डी त्यांनी नव्या हातरुमालात बांधून, वर कुंकवाचं बोट लावून मला आणून दिली. म्हणाले, "बाई, चांगलं घर मिळालं. एकदम माणसातली माणसं."

दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत भरायला मी निघाले, तर ते बरोबर यायला तयार. "रोकड घेऊन एकट्या जाऊ नका. दुनिया वाईट हाय." शेअर रिक्षात अनोळखी माणसं असतात म्हणून त्यांनी स्पेशल रिक्षा केली. पिशवी पोटाशी धरून, त्यावर दोन्ही हात ठेवून बसले.

"तो मोटारसायकलवाला बघितलात? आपल्याकडंच बघतोय मघापासून."

"तो वळायला बघतोय, हरेश्वरभाई."

"वळंल आणि हात घालंल. तुमी आपल्या पुस्तकातल्या. तुमाला नाय कळायचं."

बँकेत पोचेपर्यंत त्यांनी एक भाजीवाली, दोन विद्यार्थी आणि दारावरचा रखवालदार एवढ्यांचा संशय घेऊन झाला होता.

कॅशियर मुलीने रुमाल सोडला. कुंकू बघून हसली. गड्डीचं रबर काढलं, वरची नोट बाजूला केली आणि तिचा हात थांबला. तिने मधल्या दोन-तीन नोटा उलटसुलट केल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, ह्या खेळण्यातल्या आहेत. वरची आणि खालची तेवढी खरी."

हरेश्वरभाईंनी एक नोट हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचली. "मैं धारक को पाँच सौ कूपन अदा करने का वचन देता हूँ." रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. हरेश्वरभाईपण हसले. "घ्या बाई! कॅन्टीनमध्ये जन्मभर कुपनंच गोळा केली. म्हातारपणी पण कुपनंच आली." सगळी रांग हसली. पण रुमालाची गाठ पुन्हा बांधायला गेले, ती त्यांना बांधता येईना. ती मी बांधली.

"तुम्ही मोजल्या होत्या ना?" मी विचारलं.

"बोटांनी मोजल्या. बरोबर होत्या. डोळं त्या बाईकडं होतं. रडत होती ती."

पोलीस चौकीत हवालदारांनी कागद पुढे ओढला. "वर्णन सांगा."

"बाई चहात साखर दोन चमचे घेते. माहेर वाडा तालुक्यातलं. धाकटा भाऊ गॅरेजात कामाला. आईला वालाची भाजी चालत नाय, पोट फुगतं."

"काका, गाडीचा नंबर?"

"तो नाय बघितला."

"गाडी कुठली होती?"

"पांढरी असंल. मागं लिंबू-मिरची होती, ताजी होती."

हवालदारांनी जाहिरातीवर आलेला त्या बाईचा नंबर लावून बघितला, तो बंद होता; मग त्यांनी पेन खाली ठेवलं. ते माणूस म्हणून बरे होते. म्हणाले, "काका, ही सगळी नाटकं असतात. आई नसते, माहेर नसतं. दुसरीकडे दुसरी गोष्ट सांगतात. मशीन कधीच विकून झालं असेल."  परतताना हरेश्वरभाई शेअर रिक्षात बसले आणि कुणाकडेही बघितलं नाही.

पैसे आपण भरून देतो म्हणाले. मी ऐकलं नाही; पैशांचं तेवढ्यावर मिटलं. खरं नुकसान वेगळंच होतं. वापीहून मुलगी येऊन गेली. तिने त्यांच्या फोनमधल्या जाहिराती काढून टाकल्या, दाराला साखळी बसवली आणि बजावलं, "पप्पा, यापुढं अनोळखी माणूस घरात घ्यायचा नाय." तिचं चुकलं नव्हतं. पण भिंतीपलीकडे आता कुणी येईना. चहाचं आधण चढेना. जुनी जाहिरात बघितलेला एक म्हातारा फॅनची चौकशी करत आला, तर हरेश्वरभाई साखळीच्या फटीतून म्हणाले, "विकला." मी माझ्या दारात उभी होते. मला वाटलं, त्या दोघांनी मशीन नेलं ते नेलंच. पण या माणसाला ते माणसांतून उठवून गेले. ते काही पोलिसांना शोधून आणता यायचं नाही.

काही आठवडे असे गेले. एका दुपारी मी जिन्यातून वर येत होते, तर त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाज आला. कुणाला तरी समजावून सांगितल्यासारखा. मला बरं वाटलं, मी बेल वाजवली. साखळी काढून त्यांनी दार उघडलं. घरात कुणी नव्हतं. हातात फोन होता आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"मुलीशी बोलत होतात?"

"नाय." ते घुटमळले. मग म्हणाले, "त्या बाईला निरोप ठेवत होतो."

मला वाटलं, शिव्या देत असतील. मी म्हटलं, "बरं करताय." तर त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि आवाज लावला.

"बाय, मी चुरी बोलतोय, बोईसरवाला. तुमी पैशाचं जे केलं ते केलं. पण आई खरी असंल तर ऐका. मशीनच्या मागं जाळी हाय. ती आठवड्यानं धुवायची आणि पूर्ण सुकवून लावायची. घाईत मी तुमाला दाखवायची इसरलो. मशीनच्या बाटलीत नळाचं पाणी नाय घालायचं, उकळून गार केलेलं घालायचं, रोज बदलायचं. आणि आईला बरं वाटलं तर एकदा तिला घेऊन या. पोलिसांना नाय सांगत. मीपण एकटाच असतो."

त्याआधीचेही निरोप होते. दर आठवड्याचा एक. प्रत्येकाखाली बरोबरची एकच खूण होती, दुसरी उमटलीच नव्हती. एकही पोचला नव्हता.

"हवालदार म्हणाले ते ऐकलंत ना?" मी विचारलं. "आई नसेलही."

"नसंल," हरेश्वरभाई म्हणाले. "पण त्यांनी ज्याला विकलं, त्याच्या घरी कोण तरी असंल की. मशीन तर खरं हाय."

मी खुर्चीवर बसले. ताई गेल्यापासून तिच्या आजारपणाबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते. त्यांना जाळी माहीत होती, बाटली माहीत होती. एक गोष्ट मात्र त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं, कारण ती रोजच्या शुश्रूषेतली होती. मी हात पुढे केला. त्यांनी फोन दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं.

"नमस्कार," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी चुरींच्या शेजारची. हे मशीन माझ्या बहिणीचं. नळी कानांवरून जाते ना, तिथे कानामागे थोडा कापूस ठेवा. नाहीतर सोलवटतं. सांगत नाहीत, पण दुखतं त्यांना. माझ्या बहिणीला फार दुखायचं."

 मी फोन परत दिला.

हरेश्वरभाईंनी पाठवायच्या खुणेवर बोट नेलं. मग त्यांनी विचारलं, "पाठवू?"

मी म्हटलं, "पाठवा."