निऑनचे संस्कार

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात नववीने रासायनिक बंधांवर नाटिका करावी, असा ठराव शिक्षकसभेत एकमताने मंजूर झाला. म्हणजे चहा आला होता आणि सगळ्यांना उठायची घाई होती. विज्ञान माझ्याकडे, म्हणून नाटिकाही माझ्याच गळ्यात पडली. खरं सांगते, मला आनंद झाला. मुलं अणू झाली, पिवळे चेंडू इलेक्ट्रॉन झाले, आणि ज्या वर्गात कोणी कोणाला खोडरबर देत नव्हतं, तो वर्ग हात धरून नाचू लागला. हे पालकांनी बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

रंगीत तालमीला शिस्त-पर्यवेक्षक आले. त्यांनी होकार दिल्याशिवाय आमचा पडदा उघडत नाही.

सोडियम झालेल्या मुलीने आपला चेंडू क्लोरीन झालेल्या मुलाला दिला आणि दोघं बिलगून मीठ झाली. साहेबांनी हात वर केला.

"थांबा. तिने चेंडू का दिला?"

"दिल्याने दोघांनाही स्वस्थता येते, साहेब."

"लाच दिल्यावरही येते. शिवाय ही दोघं एकमेकांची कोण?"

"जुळी भावंडं."

"म्हणजे वशिलाही आला!"

मीठ रद्द झालं. मग ऑक्सिजन दोन हायड्रोजनांसोबत प्रत्येकी एकेक चेंडू सामाईक धरून पाणी झाला.

"हा चेंडू नक्की कोणाचा?"

"दोघांचा."

"दोघांचा म्हणजे कोणाचाच नाही. हरवला तर कोणाला धरायचं?"

पाणीही गेलं. उरलं तांबं. त्यात सगळी मुलं दाटीने उभी आणि चेंडू या हातातून त्या हातात मोकळे फिरणारे.

"हे सगळ्यांचेच असतात," मी घाईने म्हणाले, "म्हणून तर तांबं वाकतं, पण सहज तुटत नाही."

"बाई, ज्यांना कायमचा पत्ता नाही, त्यांना मी रंगमंचावर भटकू देणार नाही."

मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतलं. "अहो, जरा नमतं घ्या. साहेबांना चालेल असा एखादा अणू असेलच की तुमच्याकडे!"

होता. नाच जमत नाही म्हणून एका मुलीला मी निऑन करून कोपऱ्यात उभं केलं होतं.

"हा देत नाही, घेत नाही, कोणात मिसळत नाही," मी पडेल आवाजात सांगितलं.

साहेबांचा चेहरा खुलला. "याला म्हणतात संस्कार! सगळ्यांना हेच करा."

संध्याकाळी पडदा उघडला. अख्खी नववी निऑन होऊन हातभर अंतरावर गप्प उभी. मला रडू येत होतं. पालकांनी मात्र टाळ्यांचा कडकडाट केला. "काय शिस्त आहे!"

एवढ्यात क्लोरीनला एवढी माणसं बघून हुंदका फुटला. सोडियम सरकली आणि तिने भावाचा हात धरला. तिच्या मागोमाग शेजारची, मग तिच्या पलीकडचा. कोणीतरी लपवून आणलेला चेंडूही निघाला, आणि बघता बघता रंगमंचावर हसतं-खिदळतं तांबं तयार झालं.

"पडदा पाडा!" साहेब ओरडले. दोरी माझ्या हातात होती. मी ती बांधून टाकली आणि वर दोन गाठी मारल्या.

मग प्रेक्षागृहातूनही आवाज आला, "आपापल्या जागेवर उभे राहा रे!" मी आवाजाच्या दिशेने वळून पाहिलं. दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची रिकामी सोडून कोणीतरी ऐटीत बसलं होतं. अंधारात चेहरा नीट दिसला नाही.

तुम्ही कुठे बसला होतात?