रजईतली गाडी

लखनौच्या इंदिरा नगरात थंडीत माणसं रजई पांघरतात. आमचे शेजारी गजभियेकाका गाडीला रजई घालतात. आणि तीही तयार नव्हे, मापं देऊन भरून घेतलेली. हिवाळ्याआधी धुनियाकडून कापूस पिंजून रजई नव्याने भरून घ्यायची लखनौत रीतच आहे. पण आलमबागच्या त्या धुनियाच्या सात पिढ्यांत कुणी गाडी आणली नव्हती. त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, बॉनेटला हात लावला आणि काळजीने विचारलं, "अंकल, इसको बुखार है क्या?"

लखनौची जानेवारी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. इथे सूर्य एकदा रजेवर गेला की रजा वाढवूनच घेतो. चहा कपातून बशीत ओतावा, तर पोचेपर्यंत त्याची कुल्फी होते. धुकं इतकं की एकदा मी समोरच्यांच्या घरात शिरून अर्धं जेवण उरकलं. भाजी बरी लागली तेव्हा संशय आला.

अशा थंडीत पक्कं घर सोडून काका दारातल्या गाडीत झोपतात. सरकारी कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांनी शाळेची जुनी व्हॅन घेतली, चिनहटच्या गॅरेजात आत दोन पलंग ठोकून घेतले आणि मला सांगितलं, "तुह्या काकूले श्रावस्ती न् कुशीनगर दाखवाचं हाय." सगळी नोकरी लखनौत गेली आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं कुशीनगर, याच राज्यात असून, ड्यूटीपायी राहून गेलं. उन्हाळ्यात जावं तर लू भाजून काढते. हिवाळ्यात लॉजच्या गार गादीवर काकूंच्या गुडघ्यांचं रात्रीतून लाकूड होतं. म्हणून ही चालती खोली.

काकू मात्र नागपुरात, लेकीकडे. नातू झाला म्हणून गेल्या त्या तिकडेच. फोनवर म्हणाल्या, "त्या थंडीत मी नाही येत, बाई. गाडी गरम करून दाखवा, मंग येते."

झालं! काकांनी थंडीविरुद्ध युद्ध पुकारलं.

"थंडी खालून येते, बाप्पा," हे त्यांचं ब्रीद. "वरून येते ते निस्ती हवा." म्हणून गाडीच्या तळाला थर्माकोल, त्यावर गोणपाट, त्यावर सतरंजी, त्यावर माझी योगा मॅट, जी मी अजून शोधतोय असं ते समजतात. खिडक्यांना आतून चंदेरी कागद. आत शिरलं की आपण डब्यातली पोळी आहोत असं वाटायचं. गल्लीतल्या एका भैयाने बोरसी, म्हणजे मातीची शेगडी, पेटवून ठेवायचा सल्ला दिला. काका उसळले, "बंद गाडीत निखारे? अरे, मले कुशीनगर पाहाचं हाय, डायरेक्ट निर्वाण नाही पाहिजे!"

प्रयोगासाठी काकू हव्यात, त्या नाहीत, म्हणून मी. "तिच्या पलंगावर झोप न् पाय गार पडले का सांग." गेल्या हिवाळ्यात पहिल्या रात्री त्यांनी फटन् फट बुजवली. सकाळी आत पाऊस. काकांनी गॅरेजवाल्याला फोनवर झापलं, "भैया, छत टपक रही है!"

"अंकल, बारिश कहाँ हुई?"

खरंच की. आमचेच श्वास छताला लागून ठिबकत होते. काकांच्या मते त्यात माझ्या घोरण्याचा वाटा मोठा. तेव्हापासून खिडकी बोटभर उघडी.

यंदा मात्र कमाल झाली. जेवून मी गाडीत शिरलो, काकूंच्या पलंगावर बसलो, पायाशी गरम पाण्याची पिशवी. आधी माझा मफलर उतरला, मग टोपी, मग स्वेटर. समोर काका बनियनवर, कपाळाला घाम.

"काका, जिंकलात! लावा काकूंना फोन."

त्यांनी लावला. व्हिडिओ नको, म्हणाले. नेट येत नाही. पलीकडे नातवाचा गोंधळ. "आयका, आयका," काकू हसत होत्या, "आजी म्हनाले लागला हा! माह्याबिगर घास खात नाही." मग आवाज एकदम खाली आला. "अहो, झाली का गाडी गरम?"

काकांनी कपाळ पुसलं.

"नाही ना वं. कुठची! पाय निरा बर्फ होते."

"मंग राहू द्या यंदा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सोडलेला श्वास मलासुद्धा ऐकू आला. "पुढच्या हिवाळ्यात पाहू. तुम्ही घरात झोपा, सर्दी होईन."

फोन ठेवल्यावर मी भडकलो. "काका, इथे अंडी उबतील! काहून खोटं बोललात?" रागात मी त्यांचीच भाषा बोलून गेलो.

"तिले तिथं राहाचं हाय, बाप्पा. पण मले नाही म्हनाचं तिच्या जिवावर येते." त्यांनी फोन उशाशी ठेवला. "थंडीच नाही राहिली, तं बिचारी कोनतं कारन सांगन मले?"

मग त्यांनी मला पलंगावरून उठवलं. मी बसलो होतो तिथल्या सुरकुत्या तळहाताने सारख्या केल्या, उशी थापटली, आणि गरम पाण्याची पिशवी पायथ्याशी पांघरुणाखाली नीट सरकवून ठेवली.