दंड भरा

पाध्येकाका भेटले की नमस्कार करत नसत. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवत, खिशातून शिंप्याची फीत काढत आणि म्हणत, "दंड भरा."

काका रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस, काशीत आमचे शेजारी. त्या वर्षी त्यांना न्यूमोनियानं गाठलं. इस्पितळात श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. मुलगा नागपूरहून आला, आणि मशीन निघालं तसा निघून गेला. काका घरी आले ते निव्वळ हाडं घेऊन. अशा दुखण्यातून फुप्फुसं सावरली तरी स्नायू झडलेले असतात, ते भरतात की नाही हे मोजत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून दर रविवारी अख्ख्या गल्लीला हे काम लागलं.

"जन्मभर लोकांकडून दंड वसूल केला," ते सांगत, "आता माझाच भरायचा राहिलाय." हा विनोद पहिल्यांदा ऐकताना बरा वाटतो. दूधवाल्याला मराठीअभावी तोही कळत नसे. "कुर्ता सिलवावे के हौ का, टीटी साहब?" तो विचारी. काका त्याच्याही हातात फीत कोंबत.

आपला दंड आपल्याला मोजता येत नाही, हात कमी पडतो. म्हणून ही वेठबिगारी. वर मोजणाऱ्यालाच दरडावणी. "ढिली धरू नका. बिनतिकीट मांस आत घेता काय?" घट्ट धरली तर, "आवळता कशाला, पळून चाललोय का मी?"

अहिल्याबाई घाटाच्या वरची आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरून सांड आला तर ओट्यावर चढावं लागतं. हळूहळू लोक काकांना बघूनही चढू लागले. काकांना ओटा चढवत नसे, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. आजारी माणसाबद्दल एवढी माहिती लोक आवर्जून ठेवतात. वरून तोंडातलं पान सांभाळत नमस्ते करायचे, आणि काका खाली फीत धरून उभे.

मुलाचा फोन आमच्याकडे येई. "बाबा बरे आहेत ना?" मी हो म्हटलं की त्याचा एसटीडीचा खर्च वाचे.

एका रविवारी मी माझ्या ओट्यावर निर्धास्त उभा होतो. काका आले, भिंतीला हात लावला आणि सरळ वर चढले. "दंड भरा." मी वैतागलो. म्हटलं, उद्या डॉक्टरांनाच विचारू, हे अजून किती दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून घेऊन गेलो.

काकांनी बाही वर केली तशी डॉक्टर म्हणाले, "बाँह क्यों? हमने तो जाँघ नापने को कहा था." मांडी आधी झडते, शिवाय ती घरी बसून एकट्याला मोजता येते, असं त्यांनी मला समजावलं. मग मांडी मोजली, काकांना खुर्चीतून चार वेळा उठवलं आणि सांगितलं, ताकद आली, आता मोजायची गरज नाही. काकांचा चेहरा उतरला.

परतताना मी रिक्षात फटकारलं. "मग आम्हाला एवढे महिने का नाचवलंत?"

"मांडीला दोन हात पुरतात हो," ते म्हणाले. "ते माझे मला आहेत. दंडाला तिसरा लागतो."

माणसाला कुणी हात लावावा म्हणून आजारी असावं लागतं, याची मला भयंकर चीड आली.

पुढच्या रविवारी काका आले आणि ओट्याच्या कडेला मुकाट बसले. फीत खिशातून बाहेर डोकावत होती. फोन येऊन गेला होता. बाबा ठणठणीत आहेत कळल्यावर मुलगा म्हणाला होता, मग दिवाळीला काही येत नाही.

मी त्यांची बाही वर केली. फीत गुंडाळली. दंड चांगला भरला होता.

"नाही भरला," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"आवळलीत तुम्ही," ते म्हणाले. "पुन्हा मोजा."