शंभर मीटर शांतता

सोमवारी सकाळी नऊ वाजता सुभाष धामणकर नेरूळमधल्या आपल्या सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर पन्नास मीटरची टेप घेऊन ओणवे झाले होते. टेपचं एक टोक त्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली विटेने दाबलेलं होतं, आणि दुसरं त्यांना कोपऱ्यावरच्या शाळेच्या फाटकापर्यंत न्यायचं होतं. टेप तीनदा उचलून ठेवल्यावर आकडा आला एकशे चौतीस. त्यांनी परत मोजलं. या खेपेला वाटेतल्या रिक्षाला वळसा न घालता, आत झोपलेल्या रिक्षावाल्याला उठवून रिक्षा बाजूला घ्यायला लावली. आकडा तोच आला, आणि एका माणसाची झोप तेवढी मोडली.

झोप हाच तर सगळा प्रश्न होता. धामणकरांनी महापेच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं व्हॉल्व्ह तपासायचं काम केलं होतं, तेही तिन्ही पाळ्यांत. निवृत्त झाल्यावर त्यांना ना चारधाम करायचे होते, ना गावी आंबे लावायचे होते. त्यांना रोज दुपारी दोन ते चार झोपायचं होतं. एवढी साधी मागणी, पण तळमजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या भिंतीला लागून केशरबाईंचं मैदान होतं. केशरबाई मूळ गावातल्या. शेतजमीन शहर वसवताना गेली, हे मैदान उरलं, आणि आता तिथे पंचक्रोशीतल्या हळदी होत. हळद आली की बेंजोवाल्यांचा वाजंत्री ताफा आला, आणि बेंजो नेमका दीड वाजता सुरू होई.

धामणकर एकदा केशरबाईंना समजावायला गेले होते. केशरबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, राती धाला पाच कमी असताना मी सोता वायर काडतंय. कायदा हाय ना, मंग पालायचा. पन दुपारचा बंद करा, असा कुटं लिवलंय?" आणि हे खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. धामणकर घरी आले आणि त्यांनी आवाजाचे नियम मुळापासून वाचायला घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांना हवं ते सापडलं. दवाखाना, कोर्ट किंवा शाळा असेल, तर तिच्याभोवतीचं शंभर मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं. म्हणून ही टेप, आणि म्हणून हे वरचे चौतीस मीटर त्यांच्या जिवाला लागले होते.

कोपऱ्यावरची शाळा काही अलीकडे सरकणार नव्हती. कोर्ट घराजवळ आणणं आवाक्याबाहेरचं होतं. दवाखान्याचा विचार त्यांनी दोन दिवस केला, पण सोसायटीत डॉक्टर म्हणून एकच, आणि ते जनावरांचे. हा सगळा विचार ते जेवणाच्या टेबलाशी बसून करत होते, आणि समोर त्यांची बायको वैशाली लसूण सोलत होती. वैशालीबाईंनी बावीस वर्षांपूर्वी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला होता. घरातच शाळा काढायची, मुलांना गाणी शिकवायची, सगळं ठरलं होतं. पण तेव्हा धामणकरांची रात्रपाळी असे आणि दिवसा घरात टाचणी पडली तरी ते जागे होत. शाळा राहून गेली, आणि प्रमाणपत्र कपाटात गेलं.

"वैशाली," धामणकर म्हणाले, "तू बालवाडी काढत का नाहीस?"

वैशालीबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. नवऱ्याला बरं आहे ना, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांचे डोळे भरून आले. त्या आत गेल्या आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या. त्या घटकेला धामणकरांच्या मनाला जरा टोचलं. पण माणसाला झोप हवी असली की टोचणी फार वेळ टिकत नाही.

सोसायटीने परवानगी दिली. हॉलमधला सोफा गेला, भिंतीवर ससे आणि हत्ती आले. धामणकरांचा हिशेब असा होता, की सोसायटीतली चार पोरं सकाळी नऊ ते अकरा येतील आणि जातील; दारावरची शाळेची पाटी मात्र चोवीस तास राहील. पहिल्या दिवशी पोरं चारच आली. दुसऱ्या दिवशी केशरबाई आपल्या नातवाला, कान्हाला, कडेवर घेऊन आल्या.

"दिवसभर पानी खेलतंय नुसता," त्या वैशालीबाईंना म्हणाल्या. "तुमच्याकडं बसंल तरी. मी सांगते गावान सगल्यांना."

त्यांनी खरोखरच सगळ्यांना सांगितलं. आठवडाभरात तेवीस पोरं झाली. बहुतेकांच्या आया नोकरीवर जाणाऱ्या, तेव्हा अकराला पोरं न्यायची कुणी, हा प्रश्न आला आणि वैशालीबाईंनी शाळा दुपारी चारपर्यंत केली. आता बेंजो भिंतीपलीकडे आणि तेवीस पोरं भिंतीच्या अलीकडे, अशी स्थिती झाली. धामणकरांनी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं होतं. बेंजोचा आकडा बेडरूममध्ये बहात्तर डेसिबल येई. डबा खायच्या वेळी पोरांचा ऐंशी आला.

पण बायको गाताना दिसे. संध्याकाळी दमून बसली तरी कुठल्या पोराने आज पहिल्यांदा स्वतःची चप्पल स्वतः घातली, हे ती अर्धा अर्धा तास सांगे. धामणकर ऐकत आणि मनात म्हणत, थोडे दिवस कळ काढू, एकदा शांतता क्षेत्र झालं की पोरांची वेळ कमी करता येईल. त्यांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. अर्जात 'उद्देश' असा एक रकाना होता. दुसऱ्या कुणीही तिथे 'बालकांचे आरोग्य' असं लिहिलं असतं. पण तेहतीस वर्षं तपासणी अहवालात मूळ कारण खरंखरं लिहायची सवय. हात आपोआप चालला आणि त्यांनी खरं तेच लिहून टाकलं.

दहा दिवसांनी, बरोबर दीड वाजता, वॉर्ड ऑफिसातून गावडे नावाचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन पाहणीला आले. त्या दिवशी मैदानात मोठी हळद होती. मांडव भरलेला, बेंजोवाले हजर. धामणकरांनी साहेबांना उत्साहाने मागच्या भिंतीशी नेलं, यंत्र लावायला लावलं आणि दोघं वाट पाहू लागले. मैदानातून भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. शेवटी धामणकरांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, की आज बेंजो का नाही.

"चार वाजंपोत नाय वाजनार," केशरबाईंनी दबक्या आवाजात सांगितलं. "पोरांची शाला हाय ना. आजपासना बंदच केलाय दुपारचा. तुमी बी हलू बोला जरा."

याच वेळी हॉलमध्ये वाघ आणि बकरीचं गाणं सुरू झालं. तेवीस वाघ एकदम डरकाळले. साहेबांनी यंत्राकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, ब्याऐंशी.

"शंभर मीटरमधला सगळ्यात जास्त आवाज तुमच्याच घरात आहे, काका," गावडेसाहेब म्हणाले. "आकडा आला की मला तो लिहावा लागतो. वरच्या साहेबांकडे गेला की शाळेला नोटीस निघेल, पुढचं मी सांगू शकत नाही. शाळेच्या मॅडमना बोलवा, सही लागेल."

वैशालीबाई पदर खोचलेल्या तशाच आल्या. साहेबांनी त्यांना समजावं म्हणून अर्ज पहिल्यापासून वाचून दाखवला. उद्देशाच्या रकान्यापाशी ते अडखळले, पण वाचत राहिले. "अर्जदारास दुपारी दोन ते चार झोप लागावी, म्हणून राहत्या जागेत शाळा सुरू करण्यात आली आहे."

धामणकरांना भिंतीत जाता आलं असतं तर ते गेले असते. वैशालीबाई चिडल्या नाहीत, हेच वाईट होतं. त्या नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "बावीस वर्षं तुमच्या झोपेसाठी शाळा काढली नाही. आणि काढली, तीही तुमच्या झोपेसाठीच?"

त्या सही न करताच आत गेल्या. जरा वेळाने आतून वाघाचं गाणं पुन्हा सुरू झालं, पण त्यात बाईंचा आवाज नव्हता. धामणकरांना तेहतीस वर्षांत एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी साहेबांकडून एक कोरा कागद मागून घेतला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि अर्ज मागे घेत असल्याचं लिहिलं. साहेब म्हणाले, "कारण लिहावं लागेल." धामणकरांनी या वेळीही खरं तेच लिहिलं: 'अर्जदारास झोपेपेक्षा शाळा हवी आहे.'

गावडेसाहेबांनी कागद दोनदा वाचला. अर्जच नाही म्हटल्यावर पाहणी कसली, असं म्हणत त्यांनी वहीतलं पान फाडून खिशात घातलं. जाता जाता तो नवा कागद तेवढा हॉलमध्ये नेऊन वैशालीबाईंना दाखवला. त्यांनी तो वाचून परत दिला आणि त्या पोरांकडे वळल्या. पण संध्याकाळी धामणकरांच्या चहाबरोबर आल्याच्या वड्या आल्या, आणि त्या वड्या वैशालीबाई खुशीत असल्या तरच होत.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पोरांना चटयांवर निजवलं, तेव्हा वैशालीबाईंनी कडेला एक चटई जास्त टाकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पडा इथेच. बेंजो नाही, पोरं निजलीत. घ्या तुमची झोप." धामणकर आडवे झाले आणि पाच मिनिटांत गाढ झोपले. अडीचच्या सुमाराला कान्हाने बाईंचा पदर ओढला.

"बाई, सर लय घोरतान. आमाला झोप येत नाय."

बाईंनी पाहिलं, तर बावीस पोरं उठून बसली होती आणि सरांकडे बघत होती. तक्रार खरी होती आणि तक्रारदार बहुमतात होते. त्यांनी धामणकरांना हलवून उठवलं, उशी त्यांच्या हातात दिली आणि दार दाखवलं. बिचारे उशी काखेत मारून सोसायटीभोवती वळसा घालून निघाले. आसपास सावली आणि शांतता अशा दोन्ही गोष्टी एकाच जागी होत्या, केशरबाईंच्या मांडवात. पुढच्या हळदीची तयारी झालेली होती, बेंजोवाले वाद्यांवर फडकं टाकून पत्ते खेळत होते.

केशरबाईंनी काखेतली उशी पाहिली. दोन खुर्च्या बाजूला सारून त्यांनी गादी टाकली आणि पंखा धामणकरांकडे वळवला.

"झोपा भाऊ बिनघोर," त्या म्हणाल्या. "चार वाजता बेंजो उठवंल."