चार वाजता रडणारी फ्रेम

ऋचाच्या नजरेतून घरातली मुंगीसुद्धा सुटत नाही, असं ती स्वतःच सांगते. आणि ते खोटं नाही हो! सृष्टी झाल्यापासून गेले चौदा महिने वारज्याच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिने जो पहारा ठेवलाय, तो बघायला येरवड्याच्या जेलरनेही वही-पेन घेऊन यावं. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगना झाकणं, पाळण्यावर कॅमेरा. शिवाय फोनमध्ये याद्या! सृष्टीच्या शिंकांची यादी, ती गिळू शकेल अशा वस्तूंची यादी, आणि एक अगदी गुप्त यादी. तिचं नाव 'आई – निरीक्षणं'.

आई म्हणजे सासूबाई, मंदाकिनीबाई. वय सहासष्ट, शाळेतून निवृत्त गणिताच्या बाई, जीभ विळीच्या पात्यासारखी. एक तारखेपासून ऋचाला पुन्हा ऑफिसला जायचं होतं आणि सृष्टी आजीजवळ राहणार होती. पण आजी अलीकडे विसरायला लागल्या होत्या! दुधाला दोनदा विरजण. डोक्यावरचा चष्मा फ्रीजमध्ये शोधणं. नातीला 'सौमित्र' अशी हाक मारणं, म्हणजे थेट पोटच्या मुलाच्या नावाने. आठ नोंदी झाल्या होत्या. दहा झाल्या की आईंना डॉक्टर आणि सृष्टीला पाळणाघर, असं ऋचाने आणि सौमित्रने दार लावून, हळू आवाजात ठरवलं होतं.

त्या रविवारी सौमित्र जुन्या बाजारातून घामाघूम होऊन आला. खांद्यावर एक सांगाडा होता.

"हे काय आणलंस?"

"फ्रेम! जुन्या लेडीज सायकलची. गॅलरीत टांगू, वरून मनीप्लांट सोडू. मस्त दिसेल!"

चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. नुसत्या काळपट हिरव्या नळ्या. जिथे पुढच्या नळ्या एकत्र येत होत्या त्या सांध्यावर दोन बाजूंना बदामाच्या आकाराची दोन भोकं कोरलेली होती. कुणीतरी डोळे काढून नेलेत आणि खोबण्या तेवढ्या मागे ठेवल्यात, असं ऋचाला वाटलं.

मंदाकिनीबाई उलथनं घेऊन बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या.

"ही माझी सायकल आहे."

"आई, तुझी?"

"कॉलेजातली. अठ्ठ्याहत्तर साली बाबांनी नारायण पेठेतल्या यज्ञेश्वर मिस्त्रींकडून हाताने बांधून घेतली होती. पुढच्याच वर्षी चोरीला गेली."

"अगं, तेव्हा पुण्यात माणसांपेक्षा सायकली जास्त होत्या!"

"माणसंही कमी नव्हती. तरी तुझ्या वडिलांना मी लग्नाच्या गर्दीत बरोबर ओळखलं."

ऋचाने फोन काढला. नोंद नववी: भंगारातली सायकल स्वतःची असल्याचा भास.

सोमवारी दुपारी सृष्टी पाळण्यात होती, आई आपल्या खोलीत झोपल्या होत्या. घड्याळात चार वाजले. आणि गॅलरीतून हुंदका आला.

एखादी बाई तोंडाला पदर लावून रडते ना, तसा! "ऊंऽऽऽ..." आधी बारीक, मग खोल, मग पुन्हा बारीक. ऋचाच्या हातातली बाटली तिथेच गोठली. दोरीने टांगलेली ती फ्रेम हळूच कलली, आणि कुठूनसा आवाज आला, "छुम!"

फ्रेमचे रिकामे डोळे सरळ पाळण्याकडे बघत होते. आणि सृष्टी! केळेवाल्यालाही बघून भोकाड पसरणारी सृष्टी शांतपणे उठून बसली आणि फ्रेमला टाटा करायला लागली.

"आईऽऽ!" ऋचा ओरडली.

मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या. आवाज बंद! फ्रेम अगदी गरीब गाईसारखी लोंबकळत होती.

"काय गं?"

"काही ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं ना. 'आईऽऽ' असं."

मंगळवारी चार वाजता तेच. बुधवारीही तेच! चारच्या आधी एक मिनिट नाही. चहा उकळायला लागला की हुंदका गप्प, आणि कुणाला बोलवावं तर फ्रेम मौनव्रतात. ऋचा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. आहे. विद्यापीठात दुसरी आलेली आहे! पण चौदा महिने सलग न झोपलेल्या बाईला न्यूटन आठवत नाही, आजोळच्या विहिरीवरची हडळ बरोबर आठवते. तिने स्वयंपाकाच्या इंदुबाईंना कोपऱ्यात घेतलं.

इंदुबाईंनी फ्रेमकडे नुसतं लांबून बघितलं. "वैनी, सायकलीवरनं पडून ग्येलेली बाई हाय ही. लेकरात जीव गुतला हुता तिचा, म्हून पाळण्याकडं बघती. दहीभात ठेवा. आन् कुनाला बोलू नका, उतारा फुकट जातो."

बुधवारीच दहीभात ठेवला गेला. कुणाला न सांगता!

संध्याकाळी सौमित्र गॅलरीत गेला आणि वाटी घेऊन आत आला. वाटीत मुंग्यांची जत्रा भरली होती.

"आई, गॅलरीत दहीभात का ठेवलास?"

"मी?" मंदाकिनीबाईंनी चष्मा वर केला. वाटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "मी ठेवला? ...कावळ्याला ठेवला असेन. आठवत नाही बाई."

ऋचाने तोंड उघडलं. 'कुणाला बोलू नका' आठवलं. तोंड मिटलं.

सौमित्र खोलीत येऊन पलंगावर बसला. "दहावी नोंद," तो म्हणाला. "ते यज्ञेश्वर मिस्त्री अजून आहेत, नारायण पेठेतच. मी फोन केला होता. शनिवारी फ्रेम बघायला येतायत. त्यांनी 'माझी आहे' म्हटलं, तर आईचं डोकं अजून आपल्यापेक्षा बरं चालतंय म्हणायचं. नाही म्हटलं, तर सोमवारी डॉक्टर. आणि पाळणाघराचा फॉर्म तू भरून ठेव."

ऋचाने मान हलवली. शनिवारचं शनिवारी बघू! तोवर रोज चार वाजता तिची मुलगी एका मेलेल्या बाईला टाटा करत होती, त्याचं काय?

एसी बसवायला आलेला राकेश फोमचा एक डबा मागे विसरून गेला होता. नळी लावून फवारला की पावासारखा फुगतो आणि मग दगड होतो तो फोम. गुरुवारी दुपारी ऋचाने कंबरेला ओढणी बांधली, मारुतीचं नाव घेतलं आणि फ्रेम खाली उतरवली. उलटी केली तर काय! प्रत्येक नळीच्या पोटाशी साबुदाण्याएवढं एक भोक.

"इथून येतेस होय!" ऋचा म्हणाली आणि तिने सगळ्या भोकांत फोम भरला. सीटच्या नळीत भरला. वरून एम-सील थापलं. डोळ्यांत एम-सील कोंबून ते बोटाने गुळगुळीत केलं आणि त्या सगळ्यावर काळा ऑइलपेंट मारून फ्रेम परत टांगली. शुक्रवारी चार वाजले. सव्वाचार झाले. हुंदका नाही, छुम नाही! सृष्टीने फ्रेमकडे बघितलं आणि नेहमीसारखं भोकाड पसरलं. ऋचाला इतका आनंद झाला की तिने शिंकांच्या यादीत चुकून 'विजय' असं लिहिलं.

शनिवारी साडेतीनला यज्ञेश्वर मिस्त्री आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पाठीत वाकलेले, पण बोटं पक्कडीसारखी. पाणीही न घेता ते फ्रेमजवळ गेले. मंदाकिनीबाई सृष्टीला मांडीवर घेऊन खुर्चीत अगदी ताठ बसल्या होत्या. वर्गात तपासणीला साहेब यावेत तशा.

मिस्त्रींनी फ्रेमच्या पोटावरून अंगठा फिरवला. पुढून मागे. मागून पुढे. मग पुढच्या सांध्यावर नख टेकवलं. मग फ्रेम उचलून कानाशी धरून हलवली.

"नाही," ते म्हणाले. "माझी नाही ही."

"नीट बघा ना काका," सौमित्र म्हणाला.

"साठ वर्षं हेच बघतोय. माझ्या फ्रेमला तीन खुणा. बायकोलासुद्धा सांगितल्या नाहीत कधी, पण आता कोण चोरणारे? एक म्हणजे भोकं. नळ्या जोडायला पितळेची झाळ देताना आतली हवा तापते, ती जायला प्रत्येक नळीला खालून भोक पाडायचो. दुसरं, पुढच्या सांध्यात कानशीने कोरलेले दोन बदाम. आणि तिसरं, लेडीज फ्रेमच्या नळीत एक घुंगरू सोडून मग तोंड बंद करायचो. पोरी बेल वाजवायला लाजायच्या हो. मागून कुणी येतंय हे पुढच्याला कळावं म्हणून. यात भोक नाही, बदाम नाही, घुंगरू नाही. कुणी तरी नक्कल केलीय, तीही घाणेरडी."

सदतीस वर्षं फळ्यावर एकही बेरीज न चुकलेली बाई! मंदाकिनीबाईंनी फ्रेमकडे बघितलं, सौमित्रकडे बघितलं.

"मग माझंच चुकलं असेल," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. मग त्यांनी सृष्टीला मांडीवरून उचललं आणि ऋचाच्या हातात दिलं. "घे गं. तुझ्याजवळच ठेव हिला. माझा काय भरवसा?"

भुतापेक्षा हे फार भयंकर होतं.

"काका, थांबा! भोकं होती!"

"कुठे?"

"मी बुजवली."

"का?"

"रडत होती म्हणून."

"कोण रडत होतं?"

"फ्रेम," ऋचा म्हणाली. "रोज चारला."

मग सौमित्र मिस्त्रींकडे वळून म्हणाला, "ही एम.एस्सी. आहे. फिजिक्समध्ये."

"डोळेही होते! म्हणजे बदाम. तेही मीच लिंपले. आणि छुम वाजायचं, हलली की छुम! आता नाही वाजणार, फोम भरलाय. पण माझ्याकडे पुरावा आहे!"

पहारेकऱ्याकडे पुरावा असतोच! तिने पाळण्याच्या कॅमेऱ्याचं बुधवारचं रेकॉर्डिंग काढलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

"ऊंऽऽऽ..."

भर उजेडातही सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मिस्त्रींनी डोळे मिटले.

"वारा लागला की बासरी होते तिची," ते पुटपुटले. "ऐका. हा खोल सूर मागच्या डाव्या नळीचा. तिथे माझं ड्रिल घसरलं होतं, भोक मोठं पडलं. लेडीज फ्रेमा मी तीनच बांधल्या, पण ड्रिल घसरलं ते एकाच फ्रेमला. लिमयांच्या मंदीच्या." तेवढ्यात फोनमधून "छुम!" आलं. मिस्त्रींनी डोळे उघडून मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. "तू लिमयांची मंदी? बेल न वाजवता शिव्या देत जायची ती?"

"मीच," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण जीभ कोरडीच होती. "आणि त्या छुमला मी वर्षभर ढिला नट समजत होते. तीनदा दुरुस्तीला दिली."

"पण चारलाच का रडायची?" सौमित्रने विचारलं.

"चारला मी उठते. स्वयंपाकघराची खिडकी उघडते, की गॅलरीतून आरपार वारा. वाऱ्याने गॅस विझतो म्हणून चहा ठेवताना लावून घेते. यात काय भूत आहे?"

ऋचाने सुटकेचा निःश्वास टाकला. फोन बंद करायचं तेवढं विसरली! रेकॉर्डिंग चालूच होतं, आणि त्यातून आता तिचाच थरथरता आवाज येत होता:

"हे बघा ताई, तुम्ही ज्या कोण असाल... दहीभात ठेवलाय, गोड मानून घ्या. पण माझ्या मुलीकडे बघू नका! अगदीच बघायचं असलं तर माझ्या सासूबाईंकडे बघा. त्या दुपारी मोकळ्याच असतात!"

मिस्त्रींना एकदम पाणी हवंसं वाटलं. सौमित्र ते आणायला धावला.

"दहीभात तुझा होता?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि मी तीन दिवस आठवत बसलेय, आपण भात लावला कधी!" त्या थांबल्या. "शिवाय भुताला माझा पत्ता दिलास. वेळेसकट. आण इकडे ती यादी."

"कुठली यादी?"

"आत दार लावून कुजबुजता ती. मी विसरते, बहिरी नाही."

त्यांनी यादी पेपर तपासल्यासारखी तपासली. "विरजण, बरोबर. चष्मा, बरोबर. सौमित्र म्हणून हाक, बरोबर. तोही या वयात असाच नागडा पळायचा. नववी, चूक. दहावी, कॉपी! दहापैकी आठ. विसरते मी, ऋचा. डॉक्टरांकडे नेलंत तर येईन. पण मी आजचं दूध विसरते. माझी सायकल नाही. आणि माझी नातही नाही."

ऋचाने सृष्टीला पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाळणाघराचा फॉर्म तसाच कोरा राहिला.

एक तारखेला ऋचा ऑफिसात पोचली. नऊ चाळीस! चौदा महिन्यांनंतर स्वतःचं टेबल! तिने डबा बाजूला ठेवला आणि ऐटीत बॅग उघडली. आत सृष्टीचे डायपर, दोन झबली, एक पिपाणी आणि तिच्या पायांतून काल काढून ठेवलेले पैंजण.

फोन वाजला. "लॅपटॉप इथे आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सृष्टी त्याच्या बॅगेवर बसून नाचणीसत्त्व खातेय. मी यादी सुरू केलीय. 'ऋचा – निरीक्षणं'. नोंद पहिली."

ऋचा हसणार, तेवढ्यात फोनमधून, आईंच्या आवाजामागून, अगदी हळू आलं, "छुम."

पैंजण तर इथे बॅगेत होते. आणि फोम तर दगड झाला होता!

"आई... आत्ता कसला आवाज झाला?"

"कसला? मला नाही ऐकू आला."

"आई, खरं सांगा!"

"अगं, घाबरतेस काय? तुझा डबा उघडून बघ," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "दहीभात दिलाय. आणि घरी काही आलंच, तर आम्ही दोघी दुपारी मोकळ्याच आहोत."