साहेबाची घागर

"रितिका वर्गात तोंडच उघडत नाही हो," असं सुहासिनी मॅडम पालकसभेत सहज बोलून गेल्या आणि भूमिकाने ते वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं. पोरगी तिसरीत. घरात चिमणीसारखी चिवचिव करायची, पण शाळेच्या फाटकात पाय पडला की तोंडाला कुलूप. भूमिकाने बदाम भिजवले, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. डॉक्टरने मग भूमिकाचंच ब्लडप्रेशर तपासलं.

"घरात तू चूप बसली तं ती तिकडं बोलन," तिचा नवरा अमोल म्हणाला. तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रातली ड्यूटी संपवून आला होता आणि त्याला फक्त जेवायचं होतं.

"तुम्हाला मजाक सुचून राहिली. उद्या मुलाखतीत कोण बोलणार, मी?"

"तिसरीत कायची मुलाखत?"

भूमिकाने त्याचं ताट पुढे सरकवलं. तिच्या मनात रितिका बावीस वर्षांची होऊन एका टेबलासमोर मुकाट बसली होती.

अशातच शाळेने प्रकल्प दिला: आपला वंशवृक्ष काढा, जमेल तितकं मागे जा आणि वर्गापुढे उभं राहून सांगा. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर हर्षाने फोटो टाकला. तिच्या रोशनीचे खापरपणजोबा म्हणे भोसल्यांच्या फौजेत घोडेस्वार होते. पुराव्यादाखल एक तलवार होती, मागे तिच्या घरचा फ्रिज दिसत होता.

भूमिकाने सासऱ्यांना गाठलं. चंपतराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नरखेडकडच्या गावाहून शहरातल्या नंदनवन वस्तीतल्या या फ्लॅटमध्ये येऊन राहिले होते. बरोबर सासूबाई, प्रयागबाई. ऑपरेशननंतर चंपतरावांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, टीव्ही बघायची बंदी, त्यामुळे ते कुणी बोलायला आलं तर खूषच व्हायचे.

"बाबा, तुमचे वडील धोंडबाजी. त्यांचे?"

"नत्थूजी."

"त्यांच्या आधी?"

"त्याच्या आंधीचं मले नाई मालूम. त्या टायमाले तं साहेब होता."

"कोण साहेब?"

"गोरा साहेब. अंग्रेज नवे नवे आले तवाचा. कापूस पेराले म्हनून आला अन् आपल्या वावरातच राह्यला. अखजीले त्याची घागर नाई का भरत आपण?"

लग्नानंतरची पहिली अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, भूमिकाला आठवली. सासरी, वारलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या नावाने पाण्याची घागर भरत आणि तिच्यापुढे पत्रावळीवर पुरण, कुरडया, आंब्याचा रस वाढत. सगळ्यांत शेवटी, जरा बाजूला, आणखी एक घागर. तिच्यापुढे कपभर चहा आणि बिस्किटं. "साहेबाले पुरण पचत नाई," असं सासूबाईंनी सांगितलं होतं आणि नव्या नवरीने पुढे काही विचारलं नव्हतं.

आता भूमिका बी.एस्सी. होती. घागर भरतात ती पितरांची. साहेबाची भरतात, म्हणजे साहेब पितर. शिवाय अमोलचे डोळे घारे आणि रितिकाचेही. दोन पुरावे झाले, तिसऱ्याची गरजच काय?

"म्हणजे बाबा, साहेब आपलाच?"

"मंग कोनाचा?" चंपतराव म्हणाले आणि चहा मागितला.

रितिकाने झाडाच्या शेंड्यावर गुलाबी खडूने टोपीवाला माणूस काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला तेव्हा भूमिकाने सवयीने आधी देवाचं नाव घेतलं.

"अहो, रितिका बोलली! सगळा तास एकटीच बोलली! घंटा झाली तरी खाली बसेना!"

भूमिकाने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडली.

तिथून जे गाडं सुटलं ते काही थांबेना. वर्गातल्या पोरी डब्यातला घास साहेबाच्या नातीला आधी देऊ लागल्या, आणि ती खाता खाता बोलू लागली. हर्षाच्या तलवारीकडे ग्रुपवर कुणी ढुंकून पाहीना. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हळूच विचारलं, "मंग तुमचं लंडनचं पासपोर्टाचं कुठवर आलं?" वीजकेंद्रात अमोलला सोबती म्हणू लागले, "लॉर्डसाहेब, जरा कोळसा पाहून घेता का?" अमोल घरी येऊन चिडला, तर भूमिका म्हणाली, "पोरगी बोलून राहिली ना? मग ऐकून घ्या."

घरातही इंग्रजी वारं शिरलं. चहा कपबशीतून येऊ लागला. रितिका पोहे काट्याने खाऊ लागली.

"हे लेकरू पोह्याले काहून भोसकून राह्यलं वं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"असू द्या आई. रक्तात असतं ते."

प्रयागबाईंना यातलं काही कळलं नाही, पण सून सध्या हसतमुख होती, तर उगीच खोलात कशाला जा! चंपतरावांनीही काही विचारलं नाही. दिवसातून चार वेळा बिस्किटं मिळत होती.

आणि मग मॅडमनी जाहीर केलं की स्नेहसंमेलनात रितिका आणि तिचे आबाजी चंपतराव रंगमंचावरून साऱ्या शाळेला साहेबाची गोष्ट सांगतील.

भूमिकाने सासऱ्यांकडून चार वाक्यं घोकून घेतली. "नमस्कार. आमच्या घराण्याचा इतिहास फार जुना आहे," इथपर्यंत ते ठीक म्हणत, पुढे गाडी संत्र्यावरच्या रोगावर जाई. कार्यक्रमाच्या दिवशी अमोलच्या लग्नातला कोट आणि काळा चष्मा चढवून चंपतराव पडद्यामागे उभे राहिले, तेव्हा भूमिकालासुद्धा क्षणभर वाटलं, आहे बाई, साहेबाची झाक आहे.

ती सासूबाईंशेजारी पहिल्या रांगेत येऊन बसली. प्रयागबाईंनी आपला जाडजूड भिंगांचा चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. रंगमंचाचा झगझगीत उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

भूमिका तशी फार बारीक नजरेची. रितिकाच्या पाठीवर घामोळं आलं तर तिला फ्रॉकवरून कळे. पण सासूच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही हे माहेरचं वळण तिने लग्नापासून निष्ठेने पाळलं होतं. आज तिने प्रथमच पाहिलं. ते डोळे घारे होते. चांगले मांजरीसारखे घारे.

"आई, तुमचे डोळे..."

"माह्या माहेरचे सारेच असे. गावात मांजराचं घर म्हनेत आमाले."

"मग साहेब? साहेब आपला पूर्वज ना?"

प्रयागबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं बाई! त्या बिचाऱ्याचं लगन नाई, लेकरू नाई. तापानं गेला इकटाच. ज्याले पानी द्याले कोनी नाई, त्याची घागर कोनंतरी भराच लागते. आपल्या वावरात मेला, मंग आपल्यावर आला."

भूमिका उठली, पण तेवढ्यात पडदाही उठला.

"नमस्कार," चंपतराव माइकमध्ये म्हणाले. "आमच्या घराण्याचा..." ते थांबले. समोरचा अंधार त्यांनी काळ्या चष्म्यातून निरखला. चारही वाक्यं उडाली होती, आणि आठवेना तेव्हा माणूस खरं बोलतो. "साहेब आमचा तसा कोनी लागत नव्हता."

हर्षाचा मोबाइल अलगद वर उठला. भूमिकाला फक्त फ्रॉकमधली रितिका दिसत होती. रितिकाने आबाजींकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या वर्गाकडे, आणि तिचे ओठ मिटले. तेच कुलूप. हे मीच केलं, भूमिकाला वाटलं, पोरीला लटक्या झाडावर चढवलं ते मीच.

रितिकाने कोटाची बाही ओढली. तिने विचारलं हळूच, पण माइक मध्येच होता.

"आबाजी, मंग तो आपल्या घरी चहा-बिस्किट काहून खाते?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकलं.

"कारन जितेपनी नत्थूजीच्या आजीनं त्याले येक डाव पुरनपोळी चारली, तं तो तीन दिस लोटा घेऊन पयतच होता!"

हॉल कोसळला. मुख्याध्यापकांनी रुमाल तोंडाला लावला.

"त्याला मराठी येत होती?"

"शिव्या येत होत्या. बैल हाकता हाकता शिकला."

रितिका आता माइकच्या आणखी जवळ सरकली. "तो परत घरी काहून नाही गेला?"

"जातो जातो म्हने, अन् दरसाल म्हने, यंदाचा कापूस पाहून जातो. आपल्याच सारखा होता तोही."

"मग मी त्याला झाडावर कुठं ठेवू? खोडून टाकू?"

"खोडतं काहून? झाडाखाली ठेव त्याले, सावलीत. ऊन्ह नव्हतं सोसत त्याले."

रितिकाने तिथेच, हजार माणसांसमोर, झाडाचा तक्ता उलगडून खडू मागितला.

टाळ्या कितीतरी वेळ वाजत होत्या. त्या रात्री ग्रुपवर हर्षाचा मेसेज आला: "आमच्या घोडेस्वाराचं पण जरा मोठ्या सासऱ्यांना नीट विचारून घेते." नंतर कळलं, तो घोडे धुवत असे.

अखजीला सगळे गावी गेले. घागरी मांडून झाल्या, पत्रावळी वाढून झाल्या. "साहेबाची मी भरते," भूमिका म्हणाली आणि सगळे आत गेल्यावर तिने इकडेतिकडे पाहून बिस्किटांत दोन क्रीमवाली ठेवली. आदल्याच आठवड्यात, नुकत्याच सुरू झालेल्या चौथीच्या नव्या वर्गशिक्षिकेचा फोन आला होता: रितिका फार बोलते, मॅडमना बोलू देत नाही, शिवाय सगळा वर्ग तिच्यामुळे वऱ्हाडी बोलायला लागला आहे.

भूमिकाने हात जोडले. "साहेब, उपकार झाले. पण आता थोडं आवरतं घ्या. जास्त नाही म्हणत, निदान गणिताच्या तासाला..."

"आई," मागून खणखणीत आवाज आला, "तू कोनासंगं बोलून राह्यली वं?"

भूमिकाच्या तोंडाला कुलूप लागलं.